सारखं सारखं, स्वप्नात असल्यासारखं

(पत्र बरंच मोठं होतं. थोडं छोटं केलंय आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.)

ताई, मी २४ वर्षांची आहे. गाव मराठवाड्यात, पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहते, एमपीएससी करते, तिसरा अटेम्प्ट आहे. दीड महिन्यापूर्वी दुपारी अभ्यासिकेत पॉलिटी वाचत होते आणि एकदम समोरचं घड्याळ, फॅन, बाजूच्या मुलीची पाण्याची बाटली सगळं सपाट झाल्यासारखं वाटलं, फोटोत असतं तसं. आवाज लांबून आल्यासारखे. पेन धरलेला हात माझाच, पण माझा नसल्यासारखा. छातीत इतकं धडधडलं की वाटलं आता मरते किंवा वेडी होते. बाहेर पायरीवर जाऊन बसले, वीसेक मिनिटांनी धडधड थांबली पण ते सपाटपण गेलंच नाही, कधी कमी कधी जास्त. परवा आईचा फोन आला, कापूस वेचायला बायका मिळेनात म्हणून सांगत होती. आवाज आईचा आहे हे कळत होतं, पण आतून काहीच वाटेना, परकी बाई बोलत असल्यासारखं. फोन ठेवून खूप रडले. रूममेट म्हणते हा साक्षीभाव आहे, तुझी प्रगती होतेय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गुगल करते, स्किझोफ्रेनिया, ब्रेन ट्यूमर. दिवसातून कितीतरी वेळा आरशात बघून येते की मी नॉर्मल दिसतेय का. कधी कधी वाटतं हे असंच राहणार असेल तर जगून काय उपयोग. पूर्वपरीक्षा पाच आठवड्यांवर आहे, देऊ का नको? ताई, मी वेडी होतेय का?

*

अगं,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर तू बाकीचं काही न वाचता तेवढंच शोधत खाली जाशील. तू जे लिहिलंयस ते वेड लागण्यासारखं दिसत नाही. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही, प्रत्यक्ष कुणाला तरी दाखवायचंच आहे, पण इतकी वर्षं या सदराची पत्रं वाचतेय, काउन्सेलिंगच्या खुर्चीतही बसतेय, तुझ्यासारखं सांगणारी मुलं-मुली मला नवीन नाहीत आणि त्यातली बहुतेक आज आपापल्या कामाला लागलीयेत.

आणि ती "जगून काय उपयोग" वाली ओळ. ती तू दोन वाक्यांच्या मधे लपवून लिहिलीस पण मला दिसली. हा विचार नुसता येऊन जात असेल तरी तो एकटीने सांभाळायचा नाही. १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, केंद्र सरकारची हेल्पलाइन, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मोबाइलमध्ये आत्ताच सेव्ह कर. विचार वाढला, कसं करायचं वगैरे डोक्यात यायला लागलं तर रूममेटला उठव, रात्रीचे तीन वाजलेले असोत, आणि तिच्यासोबत सरळ जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. साक्षीभावाचं नंतर बघू.

आता पत्राकडे. वहीच्या चार पानांचे फोटो पाठवलेस, तेही कट्टर एमपीएससी अक्षरात, मार्जिन सोडून. मी पेन्सिल घेऊन मोजलं, त्या चार पानांत "सारखं, सारखा, सारखे" मिळून एकोणीस वेळा आलंय. सपाट झाल्यासारखं. लांबून आल्यासारखे. परकी बाई बोलत असल्यासारखं. तुला वाटेल मी भाषेच्या चुका काढतेय, पण नाही गं, या एका शब्दावर सगळं अडलेलं आहे. ज्याला सायकोसिस म्हणतात त्यात हा "सारखं" गळून पडतो. तो माणूस म्हणतो ही माझी आई नाहीच, तिच्या जागी दुसरीच कुणी आणून बसवलीये, आणि तुम्ही डोकं आपटलं तरी तो हलत नाही. तू म्हणतेस आई परकी असल्यासारखी वाटली, आणि तसं वाटलं म्हणून रडलीस. म्हणजे आई तीच आहे हे तुला पक्कं माहितीये, फक्त ते माहीत असण्याला जी आतून ऊब असते ती बंद पडलीये. डॉक्टर लोक नेमकं हेच बघतात, वास्तवाचं भान शाबूत आहे का. ते आहे.

याला नाव आहे. आपण स्वतःलाच परके वाटतो, हात आपला वाटत नाही, आपणच आपल्याला बाहेरून बघतोय असं वाटतं ते डीपर्सनलायझेशन. आजूबाजूचं जग खोटं, सपाट, काचेपलीकडचं वाटतं ते डीरिअलायझेशन. दोन्ही बहुतेक वेळा जोडीनेच येतात आणि दोन्ही डिसोसिएशन, म्हणजे स्वतःपासून किंवा आजूबाजूपासून तुटल्यासारखं होणं, या मोठ्या छत्रीखाली बसतात. त्या छत्रीत एका टोकाला आपली रोजची तंद्री आहे, बसमध्ये विचारात बसलो आणि स्टॉप कधी गेला कळलंच नाही. दुसऱ्या टोकाला बरंच गंभीर काही आहे, तासन्‌तासांची आठवणच पुसली जाणं वगैरे. तुझ्या पत्रात आठवण गेल्याचं कुठेही नाही, उलट तुला नको इतकं सगळं आठवतंय.

आणि हे किती जणांना होतं? क्षणभर, तासभर, एखादा दिवस असं होऊन गेलेले लोक मोजले तर मोठ्या माणसांमध्ये जवळपास निम्मे निघतात. टिकून राहिलेलं, आजार म्हणण्याइतकं, साधारण शंभरात दोघांना. सुरू होतं ते बहुधा सोळाच्या आसपास, पंचविशीनंतर पहिल्यांदा सुरू होणारे फार थोडे. म्हणजे तुझ्या त्या अभ्यासिकेत शंभर खुर्च्या असतील तर आणखी एखादी असेल जिला हेच होतंय आणि तीही गप्प बसून पॉलिटी वाचतेय.

साक्षीभावाचंही इथेच मिटवते. रूममेटचा हेतू चांगला असेल पण साक्षीभावात म्हणे माणूस शांत होतो, तू घाबरून अर्धी झालीयेस. डीपर्सनलायझेशन या शब्दाची गोष्टच मजेशीर आहे, जिनिव्हाचे एक प्राध्यापक होते, आन्री-फ्रेदेरिक आमिएल, त्यांनी १८८० मध्ये डायरीत लिहून ठेवलं की मी जणू थडग्यापलीकडून जगाकडे बघतोय, मी डीपर्सनलाइझ झालोय. पुढे १८९८ मध्ये लुडोविक द्युगा या फ्रेंच माणसाने तो शब्द उचलला आणि या अवस्थेला दिला. आमिएल साहेबांची डायरी किती पानांची? जवळजवळ सतरा हजार. सतरा हजार पानं स्वतःबद्दलच. मी काही निदान करत नाही, पण इतकं स्वतःकडे बघत बसल्यावर हात परका वाटला तर नवल काय. तर सध्या डोळे मिटून ध्यानाला बसू नकोस, काही जणांना त्याने हे वाढतं.

आता अँग्झायटीशी याचं काय नातं. मी पण एकदा यातून गेलेय, फार नाही, दोनेक मिनिटं. पावसाळ्यात घाटात आमची जीप घसरली आणि कठड्याला जाऊन टेकली. मला भीती वाटलीच नाही. सगळं हळू झालं, आवाज बंद, आणि मी कुठून तरी वरून बघतेय की स्टीलचा डबा सीटखाली गडगडत चाललाय, आणि माझ्या डोक्यात काय तर, झाकण नीट लावलंय ना, भाजी सांडेल. खाली उतरल्यावर मग पाय लटपटले. जिवावर बेतलं की मेंदू हेच करतो, भावना बंद करतो आणि माणसाला नुसतं बघायला लावतो, म्हणजे त्याने किंचाळत बसण्याऐवजी काहीतरी करावं. घाटात दोन मिनिटं हे कामाचं आहे.

तुला घाट नाही, पण तिसरा अटेम्प्ट आहे, घरून येणारे पैसे आहेत, साडेचार तास झोप आहे, दिवसाला सात चहा आहेत (हे तूच लिहिलंयस), आणि सकाळी सात ते रात्री दहा कुणाशी एक शब्द न बोलणं आहे. मेंदूला वाघ आणि परीक्षा यातला फरक तितकासा कळत नाही, त्याला एवढंच कळतं की धोक्याची घंटा महिनोन्‌महिने वाजतेय. तुमच्या रूमवर होतं का बघ, थंडीत एकीने पाणी तापवायचा रॉड लावला, दुसरीने इस्त्री, तिसरीने केटल, की खट्‌ करून एमसीबी पडतो. वायरिंग जळलेलं नसतं. जळू नये म्हणूनच तो पडतो. १९९८ मध्ये मॉरिसिओ सिएरा आणि हेर्मान बेर्रिओस यांनी मांडलं ते ढोबळमानाने असंच आहे, भीती फार वाढली की मेंदूचा पुढचा भाग भावनेच्या भागाला दाबून धरतो. नंतर लंडनमध्ये काही रुग्णांना किळसवाणे फोटो दाखवून मेंदूचे स्कॅन काढले, तर भावनेचे भाग एरवीपेक्षा थंड आणि पुढचा भाग जास्त कामात. आईच्या आवाजाची ऊब गेली ती अशी. माया आटली म्हणून नव्हे, मेन स्विचच खाली आहे म्हणून.

आणि तुझ्या त्या दुपारी जे झालं ते ऐकायला पॅनिक अटॅकसारखं आहे. पॅनिक अटॅकची तेरा लक्षणं पुस्तकात देतात, त्यात धडधड, घाम, मरणाची भीती, वेड लागण्याची भीती यांच्या रांगेत हे "खोटं वाटणं" पण आहेच. त्यात घाबरल्यावर माणूस भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि जग आणखीनच खोटं वाटायला लागतं. म्हणून लोक "दीर्घ श्वास घे, दीर्घ श्वास घे" म्हणतात ना, त्याने उलट बिघडतं कधी कधी, माणूस घटाघटा हवा पिऊन घेतो. श्वास घ्यायचा नाही, सोडायचा. नेहमीएवढाच घे, आणि गरम चहावर फुंकर घालतो तसा हळूहळू सोड. बास.

इथवर पहिला "सारखं". आता दुसरा, आणि खरी गोम इथेच आहे. आपल्याकडे या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे ना, सारखं सारखं. तू सारखं चेक करतेस. आरशात बघतेस, हात उलटासुलटा करून बघतेस, आईचा फोन चालू असताना आत डोकावतेस की माया वाटतेय का, सकाळी डोळा उघडला की पहिला विचार "आहे का गेलं". दाताचा टवका उडाला की जीभ दिवसभर तिथेच जाते आणि शेवटी जिभेलाच फोड येतो, तसलं चाललंय हे. पहिला झटका ताणामुळे आला असेल, तो बहुतेकांचा येतो आणि जातो. तुझा टिकला कारण तू घाबरलीस की हे काहीतरी भयंकर आहे, घाबरलीस म्हणून तपासायला लागलीस, तपासलंस की विचित्र वाटतंच, मग आणखी घाबरतेस, आणि घाबरलं की तो एमसीबी पुन्हा खाली. म्हणजे बघ, अँग्झायटीमुळे हे येतं आणि याच्यामुळे अँग्झायटी येते, दोघी एकमेकींना धरून बसल्यात.

तुला वाटतंय आरसा तुला खरं सांगतोय. इटलीत जोव्हानी कापुटो नावाच्या संशोधकाने २०१० मध्ये पन्नास धडधाकट लोकांना मंद उजेडात दहा मिनिटं आरशात स्वतःच्या चेहऱ्याकडे बघायला बसवलं. त्यातल्या ६६ टक्के लोकांना आपलाच चेहरा भयंकर वेडावाकडा झालेला दिसला, काहींना तर अनोळखी माणूस, प्राणी, राक्षस काय काय दिसलं. यातल्या कुणालाही काही झालेलं नव्हतं. एकटक बघितलं की चेहरा परका होतोच. "खिडकी" हा शब्द पन्नास वेळा म्हणून बघ, चाळिसाव्यापर्यंत तो मराठी राहत नाही. आणि तू तुमच्या त्या कॉमन बाथरूमच्या झिरो बल्बमध्ये उभी राहून स्वतःला विचारतेस, ही कोण!

तर पहिलं काम, चेकिंग कमी करायचं. एकदम बंद होणार नाही, मला माहितीये. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक चेकला एक रेघ ओढ, पाच झाल्या की आडवी काट. पहिल्या दिवशी आकडा बघून तुलाच हसू येईल. मग तो खाली आणायचा. आरसा फक्त वेणीफणीला. गुगल बंद, खरंच बंद, कारण रात्री दोन वाजता गुगलने कुणाला "काही नाही, झोप" असं आजवर सांगितलेलं नाही. आणि लोक तुला सांगतील ग्राउंडिंग कर, पाच गोष्टी बघ, चार गोष्टींना हात लाव, करायला हरकत नाही, पण ते करून झाल्यावर "गेलं का" असं विचारलंस तर ते सुद्धा चेकिंगच झालं. त्यापेक्षा हाताला काम दे. मेसऐवजी आठवड्यातून दोनदा रूमवर काहीतरी कर, कोथिंबीर निवड, लसूण सोल, दोन कपडे हाताने धू. सपाट वाटत असताना कर. ते गेल्यावर करेन असं नाही, ते असताना. मागे रेडिओ खरखरत असतो आणि आपण भाकऱ्या थापत असतो, तसं त्याला असू दे.

झोप सात तास. यावर वाद नको, झोप तुटली की धडधाकट माणसालाही सगळं खोटं वाटायला लागतं, नाइट शिफ्ट केलेल्या कुणालाही विचार. चहा दोनवर आण, पण हळूहळू, एकदम सोडलास तर डोकं दुखेल आणि ट्यूमर आठवेल. दिवसातून एकदा तरी माणसाशी बोल, चहावाल्या मावशी चालतील. आणि गांजा, भांग असलं काही कुणी "रिलॅक्स होशील" म्हणून दिलं तर अजिबात नाही, हे सुरू व्हायला ती एक नेहमीची वाट आहे, थंडाईतली पण नको. मैत्रिणीच्या पर्समधली झोपेची गोळी पण नको, त्यातल्या बऱ्याच सवय लावणाऱ्या असतात.

डॉक्टरकडे जायचंच आहे कारण दीड महिना झालाय. पुण्यात ससूनला मानसोपचाराची ओपीडी आहे, केस पेपर काढून जाता येतं, खाजगीची फी परवडत नाही म्हणून अडून राहू नकोस. तिथे "टेन्शन आहे" असं मोघम सांगू नकोस, या पत्राचीच पानं पुढे ठेव. या एकाच त्रासावर खास अशी गोळी नाही, पण सोबतच्या अँग्झायटीवर, डिप्रेशनवर औषधं आहेत, ती द्यायची का ते डॉक्टर ठरवतील. थेरपीत सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्यावरची बोलून करायची थेरपी) आहे का ते विचार, त्यात हे घाबरणं-तपासणं-पुन्हा घाबरणं यावरच काम करतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी ट्वेल्व्ह बघायला सांगितलं तर करून घे. आणि हो, मधली मिनिटंच गायब होणं, अचानक जळल्यासारखा वास येणं, हातपाय झटके देणं, दातात जीभ सापडणं, यातलं काही असेल तर ते आवर्जून सांग, कारण फिट्सच्या एका प्रकारातही असं परकं वाटतं, आणि त्याची तपासणी वेगळी.

आणखी एक. तिसऱ्या पानावर तू दोन ओळी लिहून इतक्या गच्च खोडल्यास की कागद फाटलाय. मी वाचायचा प्रयत्न केला नाही. लहानपणी कुणाला फार सोसावं लागलं असेल तर मेंदू हे "बंद करून बघत राहणं" लवकर शिकून ठेवतो, आणि पुढे ताण आला की तेच काढतो. सगळ्यांच्या बाबतीत असं काही असतंच असं नाही, नुसत्या परीक्षेच्या ताणानेही हे होतं, त्यामुळे नसलेलं उकरत बसू नकोस. पण असेल, तर ते पहिल्याच दिवशी पहिल्याच अनोळखी डॉक्टरला सांगायचं बंधन नाही. माणूस बरा वाटला, तिसऱ्या-चौथ्या भेटीत वाटलं, तेव्हा. किंवा आणखी नंतर.

आईला सांगायचं का, असंही विचारलंयस पहिल्या पानावर. सांग. डीरिअलायझेशन वगैरे नको, "जीव घाबरतो, झोप नाही, डॉक्टरला दाखवतेय" एवढं पुरे. ती मीठ-मोहरी उतरवून टाकेल, टाकू दे, त्यात तिचाही जीव शांत होतो. पण कुणी बाहेरचं बघणाऱ्याकडे न्यायला निघालं तर मात्र नाही म्हण, पाहिजे तर माझं नाव पुढे कर.

पूर्व. डॉक्टरांना भेटल्यावर ठरव पण माझं मत विचारशील तर फॉर्म भरलाय तर दे. सगळं सपाट दिसत असताना पण प्रश्न वाचता येतो, गोल काळा करता येतो, तू दीड महिना पॉलिटी वाचलीयेसच की तशीच. फक्त बारा तास बसायचं ते आठवर आण. आणि हॉलमध्ये पेपर हातात आल्यावर ते वाढणार, हे आधीच धरून चाल. वाढलं की श्वास सोड, पुढचा प्रश्न.

पुढच्या वेळी आईचा फोन आला की आत डोकावू नकोस, काही वाटतंय का नाही ते राहू दे बाजूला. ती कापसाचं बोलत असेल तर विचार, वेचणीला किलोमागे किती मागतायत यंदा, आणि भाव काय लागलाय. ती बोलेल दहा मिनिटं. ऐक.

डॉक्टरकडे जाऊन आलीस की दोन ओळी टाक, वहीच्या पानाचा फोटो चालेल.

तुझी,
ताई